चार बादल्या: भातसानगर ते करंजवाडी

उन्हाळ्याच्या सुटीत लोक माथेरानला जातात, महाबळेश्वरला जातात, निदान सासुरवाडीला तरी जातात. आम्ही शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत बादल्या गोळा करायला गेलो. चार बादल्या होत्या, पांढऱ्या, प्लास्टिकच्या, कोऱ्या करकरीत. मार्च संपताना आम्हीच त्या चार ठिकाणी उघड्यावर ठेवून आलो होतो आणि आता महिन्याने परत आणायच्या होत्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठे निघालात?" तेव्हा नवऱ्याने खरं ते सांगितलं. त्या दिवसापासून त्या आमच्याकडे जरा काळजीने बघतात.

तर आधी बादल्यांचं सांगते. मी डोंबिवलीच्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एका विज्ञान शिबिरात माझी संगीताताईशी ओळख झाली. ती मुरबाड तालुक्यातल्या करंजवाडीत अंगणवाडी चालवते. (गावाचं नाव मी बदललं आहे, शोधायला जाऊ नका.) तिच्या अंगणवाडीपासून दोन बांध सोडून दोन वर्षांपूर्वी एक पत्र्याची शेड उभी राहिली. तिथे ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडतात आणि त्यातलं शिसं भट्टीत वितळवून त्याच्या लाद्या पाडतात. संध्याकाळी भट्टी पेटली की धूर निघतो आणि वारा असेल तिकडे जातो. वारा बहुतेक अंगणवाडीकडेच असतो. तिथल्या उघड्या पडवीत मुलांची खिचडी शिजते. शिसं पोटात गेलं तर मोठ्या माणसाला वाईटच, पण सहा वर्षांच्या आतल्या मुलांच्या मेंदूला ते जन्माचं अधू करू शकतं.

संगीताताईचं मागणं साधं होतं. भट्टी बंद करायला आपण कोण, निदान अंगणवाडी तरी गावाच्या दुसऱ्या टोकाला हलवा. सरपंच माणूस वाईट नाही, पण त्याचा पुतण्या भट्टीवर कामाला होता आणि मारुतीच्या देवळाला रंग भट्टीवाल्यांनी दिला होता. तो म्हणाला, "पुरावा आणा. एक मेच्या ग्रामसभेत मांडू." एक मे हुकला तर पुढची ग्रामसभा थेट पंधरा ऑगस्टला. तोवर मुलं तिथेच जेवणार.

पुरावा म्हणजे या बादल्या. तळाशी थोडं शुद्ध पाणी घालून बादली उघड्यावर ठेवायची. महिनाभरात हवेतली जी धूळ पडेल ती पाण्यात अडकते. मग प्रयोगशाळेत त्यात शिसं किती ते काढायचं. आकडा एक मेनंतरच येणार होता, पण ग्रामसभेत बादल्या शेजारी शेजारी ठेवल्या की फरक नुसत्या डोळ्यांनीही दिसला असता. एक बादली करंजवाडीच्या अंगणवाडीवर, एक धसईला, आणि तुलनेसाठी दोन लांब, आसनगावला नि भातसानगरला. आमच्या विज्ञानप्रेमी मंडळाकडे हवा मोजायची यंत्रं घ्यायला पैसे नसल्याने बादल्या. ठेवताना मी चारही ठिकाणी हात जोडून एकच वाक्य बोलले होते, "नीट सांभाळा हं." त्या वाक्याचं काय झालं, तोच या प्रवासाचा वृत्तान्त.

रविवार, सकाळ: आसनगाव

आमची जुनी मारुती आठशे, एसी नाही, डाव्या दाराची काच अर्ध्यावर अडकते. सुधीर, म्हणजे माझा नवरा, गाडी चालवायला तयार झाला तो पर्यावरणाच्या प्रेमाने नव्हे. धसईच्या वालाच्या बिरड्याबद्दल त्याने कुठेतरी ऐकलं होतं. सकाळी उन्हं चढायच्या आत निघालो. कल्याणहून गांधारीच्या पुलावरून पडघा गाठायचा आणि नाशिक हायवेला लागायचं. तुम्ही जाणार असाल तर हाच रस्ता घ्या, भिवंडीच्या ट्रकांमधून वाचता. पडघ्याला टपरीवरचा चहा बरा मिळतो, बिस्किटं मात्र मऊ पडलेली होती.

आसनगावला भोईर राहतात. मुंबईत फोर्टला नोकरी, रोजची ये-जा. रविवार म्हणून घरी सापडले. आम्हाला बघताच ते उत्साहाने आतल्या खोलीत गेले आणि पलंगाखालून बादली ओढून बाहेर आणली. वर स्वच्छ टॉवेल घातलेला.

"एकदम सेफ, मॅडम," ते म्हणाले.

मी विचारलं, "गच्चीवर होती ना?"

"होती की. रोज ठेवतो. रात्री आलो का वर ठेवायची, सकाळची फास्ट पकडायच्या आधी खाली आणायची. दिवसभर घरात कोन नसतं, मिसेस पन ठाण्याला जाते. कोरी बादली, कोनीपन उचलून नेल."

"म्हणजे दिवसा ती पलंगाखाली?"

"दिवसा आत, रात्री वर. आमचं कसं अप-डाऊन असतं, तसंच तिचं. एक दिवस चुकवला नाय मी. तापात होतो तेव्हा पन नाय."

सुधीरने गंभीरपणे विचारलं, "पास काढला होता का तिचा?" भोईर खळखळून हसले, मी हसले नाही. दिवसभर टॉवेलखाली झाकलेल्या बादलीत आसनगावची हवा कशी सापडणार? पण माणसाने तापात जिने चढून ती वर नेली होती, त्याला काय बोलणार. मिसेसनी आंबेडाळ पुढे केली. ती फार छान होती आणि मी रागात दोनदा घेतली.

रविवार, दुपार: भातसानगर

शहापुरात मिसळ खाल्ली. स्टँडजवळच्या कुठल्याही हॉटेलात मिळते, तिखट हवी असेल तर सांगावं लागतं, नको असेल तरी सांगावं लागतं. दोघांची मिसळ, पाव आणि ताक मिळून पन्नास रुपयांच्या आत भागलं.

पुढे भातसानगरचा रस्ता सुरेख आहे. दोन्ही बाजूंना साग, एप्रिलात निष्पर्ण, आणि मध्येच धरणाच्या कॉलनीची जुनी झाडं लागली की एकदम गार वाटतं. क्वार्टर्स बैठ्या, अंगणं झाडलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मुंबई ज्या पाण्यावर जगते ते इथे अडवलंय याचा कॉलनीला मुळीच गर्व नाही. धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी लागते आणि फोटो काढू देत नाहीत, कॅमेरा बाहेर काढलात तर शिट्टी ऐकू येते. सुधीरने ऐकली.

इथली बादली मोकाशींकडे होती. धरणावर पाऊस किती पडला, पाणी किती वाफ होऊन उडालं, ही मोजमापं ठेवायचं त्यांचं काम. चौघांत हाच माणूस शास्त्राचा, असं मी गाडीत दोनदा म्हटलं होतं. बादली त्यांनी क्वार्टरच्या अंगणात, मधोमध, विटांच्या चौथऱ्यावर ठेवली होती. चौथऱ्याला चुना मारलेला. बादलीला आतून एक रेघ आखलेली, आणि पाणी त्या रेघेला बरोबर टेकलेलं. वर बारीक तारेची जाळी.

मला कौतुक वाटलं आणि लगेच शंका आली. "पाणी उडालं नाही का महिनाभरात?"

"उडनार नाय कसं? ऊन काय थोडं हाय? रोज सकाळी बघायचं, जेवढं उडालं तेवढं घालायचं, पानी रेघेवर आनायचं. कामावरच्या मोठ्या पातेल्याला आमी असंच करतो. तुमची तर एवढीशी बादली."

"कुठलं पाणी घातलंत?"

"नळाचं."

"अहो, मी शुद्ध पाण्याचा कॅन दिला होता ना त्यासाठी?"

मोकाशी जरा दुखावले. "म्याडम, हे पानी मुंबईला जातं. आख्ख्या मुंबईला चालतं, तुमच्या बादलीला चालत नाय?"

जाळी कशाला, हे विचारायची माझी हिंमत नव्हती, ते सुधीरने विचारलं. पाखरं पाणी पितात, पानं पडतात, म्हणून जाळी. शिवाय रोज सकाळी वरचा कचरा चहाच्या गाळणीने काढायचा. कचरा म्हणजे जो गोळा करायला मी ही बादली डोंबिवलीहून आणली होती तोच. "तळ बघा, चकाचक," मोकाशी म्हणाले. तळ खरोखर चकाचक होता. मी आभार मानले, आणि ते मनापासून मानले असं चेहऱ्यावर दाखवायला मला फार कष्ट पडले.

रविवार, संध्याकाळ: मुरबाडवरून धसई

शहापूरहून मुरबाडला किन्हवलीवरून गेलो. रस्ता अरुंद, मध्ये मध्ये उखडलेला, पण गर्दी नाही. वळणांवर बायका पळसाच्या द्रोणात करवंदं विकायला बसतात, द्रोण दोन रुपयांना. घासाघीस करू नका, तोडताना हातांवर किती ओरखडे आलेत ते बघा आणि चार द्रोण घ्या. सुधीरने आठ घेतले आणि स्टिअरिंग चिकट करून ठेवलं. मी मात्र हिशेब मांडत होते. तुलनेच्या दोन बादल्या गेल्या, ठीक आहे. धसईची आणि करंजवाडीची शाबूत असली तरी काहीतरी सांगता येईल. सुधीर म्हणाला, "तू चौघांना नेमकं काय सांगितलं होतंस?"

"नीट सांभाळा म्हटलं होतं."

"सांभाळतायत की बिचारे," तो म्हणाला. पुढचे कित्येक मैल मी त्याच्याशी बोलले नाही.

मुरबाडला पेट्रोल भरून घ्या, पुढे भरवसा नाही. धसईला पोहोचलो तेव्हा बाजार उठत होता, भाजीचे रिकामे करंडे टेम्पोत चढत होते. घोलपांचं तांदळाचं दुकान आहे, मागे घर, वर गच्ची. घोलपकाकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी हातपाय धुवायला पाणी दिलं, मग चहा, आणि मग आमची बादली माझ्यापुढे ठेवली. बादलीत तांदूळ होते. तांदळांवर नारळ, नारळावर हिरवं ब्लाउजपीस, नीट घडी घातलेलं.

मी नारळ उचलून बघितला.

"बाजूच्या घरी लगीन होतं," काकू म्हणाल्या. "मठ्ठ्याला भांडी कमी पडली. गावातल्या सगळ्या घागरी, पातेली तिकडंच. ती लोकं दारात आली, वर तुमची कोरी बादली दिसली त्यांना. नाय कसं म्हनायचं? लगीनघर ते."

"आणि आतलं पाणी?"

"ते वाया नाय घालवलं गो. तुळशीला घातलं."

"आणि हे तांदूळ?"

काकूंना प्रश्नच कळेना. "रिकामं भांडं कोन परत करतं का? बादली तुमची, म्हनून मान तुमचा. मी शिवले नाय त्याला, तसंच ठेवलं."

सुधीर भिंतीकडे तोंड करून खोकायला लागला. ब्लाउजपीस सुंदर होतं, ते मी नंतर शिवून घेतलं. त्या वेळी मात्र मला रडू येईल असं वाटत होतं, कारण आता सगळा भार एकट्या करंजवाडीच्या बादलीवर आला होता. रात्री काकूंनी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. राहायला धसईत लॉज वगैरे नाही, ओळख काढूनच जा. बिरड्याबद्दल सुधीरने ऐकलं होतं ते सगळं खरं निघालं. तो ताटावरून उठेचना, आणि मला पहिल्यांदाच त्याचा हेवा वाटला.

सोमवार, सकाळ: करंजवाडी

धसईहून पुढे डांबरी रस्ता संपतो आणि लाल मातीचा सुरू होतो. करंजवाडीची भट्टी दिसण्याआधी वासाने कळते, जिभेवर पैसा ठेवल्यासारखी चव येते. शेडच्या मागे फोडलेल्या बॅटऱ्यांच्या काळ्या पेट्यांचा ढीग होता. त्याच्या अलीकडे दोन बांध, आणि त्यांच्याही अलीकडे अंगणवाडी. भिंतीवर रंगवलेला हत्ती, मोर आणि मुळाक्षरं.

संगीताताई गेटात उभी होती. एरवी तडफदार बाई, पण आज आवाज उतरलेला. "ताई, मी परवा वर जाऊन बघितलं. बादलीत काहीच नाही. एकदम स्वच्छ. मलाच वाटायला लागलं, माझंच काही चुकलं का? मी उगाच दोन वर्षं गावाशी भांडते की काय?"

आम्ही गच्चीवर गेलो. बादली उन्हात लखलखत होती. आतलं पाणी इतकं नितळ की तळाशी छापलेला शिक्का वाचता येत होता. मी एकदा भट्टीच्या धुराड्याकडे बघितलं, एकदा बादलीकडे. तेवढ्यात मागून अंगणवाडीच्या मदतनीस ठकूबाई जिना चढून आल्या. बासष्टीच्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, गावातली सगळ्यात टापटीप बाई म्हणून नाव. खिचडी त्याच शिजवतात, वाढतात, भांडी त्याच घासतात.

"बघा," त्या म्हणाल्या. "येक दिस घान नाय होऊ दिली तुमची बादली."

माझा आवाज चढला तो चढलाच. "म्हणजे? तुम्ही ही घासलीत?"

"मंग? रोज. काथ्यानं. जुनं पानी वतायचं, नवं भरायचं. संगीताबाय महिनाभर टरेनिंगला मुरबाडला जायची ना, तवा मीच बघायची. तुमीच बोललाव ना, नीट सांभाळा?"

दोन दिवसांचा सगळा राग मी त्या एका बाईवर काढला. बादली घाण होण्यासाठीच ठेवली होती, तुम्हाला कुणी सांगितला हा उद्योग, आता ग्रामसभेत मी काय दाखवू, असं बरंच काही. भोईरांना बोलले नाही, मोकाशींना बोलले नाही, घोलपकाकूंचं तर बिरडं खाल्लं. ठकूबाईंचं तोंड एवढंसं झालं. त्या पदर सावरत खाली निघून गेल्या. संगीताताई म्हणाली, "असं नको होतं बोलायला." मलाही ते कळत होतं, पण ग्रामसभा सुरू व्हायची वेळ झाली होती.

सोमवार: ग्रामसभा

शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या. झेंडा होऊन गेला होता, पुरुष पुढे, बायका मागे खांबांच्या कडेला. दिव्याचे खांब, पाणंद, कुणाचा तरी गोठा, असे विषय झाले. भट्टीचा सुपरवायझर पांढऱ्या शर्टात खुर्चीवर बसला होता, सतरंजीवर नाही. मग सरपंच म्हणाले, "आता आंगनवाडीचा विषय. म्याडम, रिपोट आनला का?"

मी उभी राहिले. खोटं बोलता येत नाही असा माझा दावा नाही, पण आकड्यांबाबत मला ते जमत नाही. "रिपोर्ट नाही," मी म्हटलं. "बादल्यांचे नमुने खराब झाले. पुन्हा ठेवाव्या लागतील."

सभेत कुजबुज झाली. सरपंचांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "मंग पंधरा आगस्टला बघू," ते म्हणाले. संगीताताई खाली बघत होती. इथे विषय संपला असता. पण सुपरवायझरला गप्प बसवेना. तो उठला, माझ्या पायाशी ठेवलेली रिकामी बादली उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी तिरकी धरली.

"खराब कसली, मॅडम? बघा ना, गाववाले. महिनाभर आमच्या भट्टीशेजारी उघड्यावर होती. एक डाग नाही. एवढी स्वच्छ राहिली, म्हणजे आमची हवा किती स्वच्छ. याहून काय पुरावा पाहिजे?"

"स्वच्छ राह्यली?"

आवाज मागून आला. ठकूबाई उठून उभ्या होत्या. मला वाटलं, त्या आता माझ्यावर बरसणार. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"राह्यली म्हंजे? आपली आपन राह्यली? मी घासली म्हनून राह्यली. हात बघ माझं. रोज सकाळी काथ्या घेऊन बसायची मी. रातभर ठेवली का बादली काळी. पान्यावर साय धरायची काळी. काय हौस होती मला रोज रोज घासायची?"

"मावशी, धूळ असते उन्हाळ्यात," सुपरवायझर म्हणाला.

"धूळ मी वळखत नाय? धूळ तांबडी असती. भाचीच्या लग्नाला गेलते तवा दोन दिस खाडा झाला. येऊन बोट फिरवलं, त काजळ लावल्यावानी बोट. तीन पान्यानं बी जात नव्हतं. आन् हा म्हनतो आपली आपन राह्यली."

त्यांची महिनाभराची मेहनत भट्टीच्या नावावर चालली होती आणि त्यांना ते सहन होत नव्हतं. पण एकदा त्या बोलल्यावर खांबांच्या कडेच्या बायकांना कंठ फुटला. एक म्हणाली, पांढरं लुगडं वाळत टाकायचं मी सोडून दिलंय. दुसरी म्हणाली, कुरडया औंदा घरातच वाळवल्या. आणि मग सरपंचांची बायको, जी इतका वेळ पदर तोंडाशी धरून बसली होती, ती नवऱ्याला म्हणाली, "आवं, आपलं पापड बी काळं पडत्यात. मी तुमाला सांगितलं तं तुमी बोललाव, पिठात खडं आसतील."

सगळी सभा हसली. सरपंच हसले नाहीत. त्यांनी बादलीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि सुपरवायझरला म्हणाले, "बसा तुमी जरा."

जागेचा प्रश्न निघाला. वाऱ्याच्या उलट्या बाजूला, गावाच्या वरच्या अंगाला बौद्धवस्तीतलं समाजमंदिर होतं, पक्कं, पुढे ओटा असलेलं. संगीताताईचं घरही त्याच वस्तीत. कुणीतरी ते नाव घेतलं आणि सभा एकदम गप्प झाली. का गप्प झाली, ते तिथल्या सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही कळलं. संगीताताई सरळ समोर बघत राहिली. मग ठकूबाई, ज्यांचं घर गावठाणात मारुतीच्या मागे, म्हणाल्या, "मी उद्या तांदूळ घेऊन तिकडं जाते. चूल कुठं मांडायची तेवढं दाखवा कोनी." त्या खाली बसल्या. सरपंचांनी हात वर करायला सांगितले. काही हात लगेच वर गेले, काही इकडेतिकडे बघून गेले, पण गेले.

सभा सुटल्यावर मी ठकूबाईंकडे गेले आणि चुकलं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आसूं दे. तुमी लांबून आलाव, ऊन लागलं आसंल." मग मी धसईची बादली, तांदूळ काढून, शुद्ध पाण्याने दोनदा विसळून अंगणवाडीच्या गच्चीवर ठेवली. आता तिथे मुलं नसणार होती, जिन्याला कुलूप लागणार होतं, किल्ली संगीताताईकडे. या वेळी मी सूचना सविस्तर दिल्या. घासायची नाही, झाकायची नाही, आत-बाहेर करायची नाही, लग्नाला द्यायची नाही.

"आन् काळी झाली तं?" ठकूबाईंनी विचारलं.

"होऊ द्या."

त्यांनी मान डोलावली, पण त्यांच्या जिवावर आलं होतं ते स्पष्ट दिसत होतं.

परत घरी

मुरबाडहून कल्याणला सरळ रस्ता आहे, रायत्याच्या पुलावर संध्याकाळी गार वारा लागतो, थांबून घ्या. पेट्रोल, खाणं, करवंदं सगळं धरून दोन दिवसांचा खर्च हजाराच्या आतबाहेर झाला. गाडीत मला फार बरं वाटत होतं. तुम्हाला असा प्रवास करायचा असेल तर उन्हाळ्यात टोपी न्या, भरपूर पाणी न्या, आणि ज्याला काही सांभाळायला द्याल त्याला ते कशासाठी ते आधी सांगा.

महिन्याने संगीताताईने बादली झाकण लावून ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. पाणी काळं होतं, कडेला तेलकट वळ. कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी तपासणी केली. आकडा आला तो मी अपेक्षा केली होती त्याच्या कितीतरी वर. मी प्रयोगशाळेत चक्क टाळी वाजवली. चहा मागवला, सगळ्यांना पाजला. आता भट्टीविरुद्ध अर्ज करता येणार होता आणि कुणाला पुरावा नाही म्हणता येणार नव्हतं. त्याच आनंदात संध्याकाळी घरून करंजवाडीला फोन लावला. आकडा भरपूर आलाय, मी म्हटलं, आपण म्हणत होतो त्याहून जास्त, आता जिंकलोच समज.

संगीताताईने फोन शेजारी दिला.

"ठकू बोलते," आवाज आला. "म्हंजे होतंच ना त्यात, ताई?"

"होतं."

"दोन वर्सं मीच शिजवलं. मीच वाढलं, माज्या हातानं. ताटं घासायची मी, लख्ख. त्यात काय ऱ्हायलं नसंल, आसं वाटायचं मला."

टाळी आठवली आणि लाज वाटली. मी त्यांना म्हटलं, तुमचा काही दोष नाही. पण आता मुलांचं रक्त तपासायला हवं, म्हणजे कुणाच्या अंगात किती गेलंय ते कळेल आणि ज्यांना लागेल त्यांना औषध देता येईल. माझी एक डॉक्टर मैत्रीण आहे, तिला घेऊन मी रविवारी येते.

"सुई टोचनार का?"

"हो, थोडीशी."

त्या म्हणाल्या, "पोरं रडतील. मंग पयली मला टोचा त्यांच्याम्होरं. मी बी त्याच टोपातलं जेवायची."